घटातला हिरवा पट्टा

यंदा आमच्या घरी घट बसले नाहीत. वहिनी श्रावणात गेली, आणि वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात सणवार नाहीत. देवघराच्या कोपऱ्यात दरवर्षी जिथं काळी माती पसरली जाते, तिथं नुसती सारवलेली जमीन आहे. शाळेला सुटी लागल्यावर मी हुमनाबादहून गावी आलो तो मन जड करूनच. थोरल्या भावाजवळ, अण्णाजवळ बसावं, फारसं बोलू नये, एवढंच ठरवलं होतं. पण सकाळी अंगणात आलो आणि समोर आश्विनाचं ऊन पडलेलं होतं.

हे ऊन मला स्वस्थ बसू देत नाही. कधीच दिलं नाही.

पावसानं धुऊन ठेवलेली हवा आणि तिच्यातून उतरणारं ते तिरपं, दाट ऊन. बांधावर तरवड पिवळा झालेला, कारळ्याचं रान त्याहून पिवळं, तूर छातीला आलेली. गावात लोक या उन्हाला नावं ठेवतात. कपाळ तडकतं म्हणतात, पित्त चढतं म्हणतात. मला मात्र या उन्हात उभं राहिलं की कसलासा आवाज ऐकू येतोय असं वाटतं. आवाज नसतोच. पण रानातलं एकेक पान या घटकेला कामाला लागलेलं आहे हे ठाऊक असल्यामुळं कान उगाच ताठ होतात. बाजाराच्या दिवशी गाव दिसायच्या आधीच त्याची गजबज जाणवू लागते, तसं काहीतरी.

हे मला ज्या वर्षी कळलं, त्या वर्षीचं नवरात्र आज सारखं डोळ्यांपुढं येतं आहे.

मी तेव्हा बिदरच्या शाळेत वरच्या वर्गात होतो. घरात मराठी, वहिनी आल्यापासून थोडी कानडी, आणि शाळेत सगळं उर्दूत. भूमिती उर्दूत, इतिहास उर्दूत, आणि झाडाच्या पोटात काय चालतं तेही उर्दूत. शास्त्र शिकवणारे साहेब हैदराबादकडचे होते. उंच, थोडे वाकलेले, शेरवानीच्या बाहीला कायम खडूची भुकटी. त्यांनी घेवड्याच्या वेलाची एक कुंडी आधी कपाटात कोंडून ठेवली. मग तिच्यातल्या एका पानाला काळा कागद गुंडाळला. कागदात मधोमध कात्रीनं कापलेली चांदणी. कुंडी दिवसभर उन्हात राहिली. मग ते पान खुडून त्यांनी उकळत्या पाण्यात बुडवलं, आणि नंतर स्पिरिटच्या नळीत घालून ती नळी गरम पाण्यात धरली. पानाचा हिरवा रंग हळूहळू स्पिरिटमध्ये उतरला. पान पांढरटलं, चुरगळलेल्या कागदासारखं झालं. एका बशीत ते पसरून साहेबांनी त्यावर दवाखान्यातून आणलेलं टिंचर थेंबाथेंबानं सोडलं.

पानावर निळीकाळी चांदणी उमटली.

आम्ही सगळे बाकांवरून उठून टेबलाभोवती गोळा झालो होतो. कुणी कुणाला ढकलत नव्हतं, इतके गप्प होतो. टिंचर पिठाला निळं करतं, हे साहेबांनी आदल्या दिवशी भाताच्या शितावर दाखवलं होतं. म्हणजे कागदाच्या फटीतून जिथं ऊन लागलं, तेवढ्याच जागी पानानं पीठ केलं होतं. बाकीचं पान उपाशी.

“देखो मियाँ,” साहेब म्हणाले, “सूरज ने दस्तख़त कर दिए.”

त्या हिरव्या रंगाला ते सब्जीना म्हणत, आणि या साऱ्या उद्योगाला जियाई तालीफ. उजेडानं केलेली जुळणी. पाणी मुळांतून वर येतं, हवा पानाच्या बारीक छिद्रांतून आत येते, सब्जीना ऊन धरून ठेवतो, आणि त्यातून साखर होते. साखरेचं पीठ होऊन साठतं. उरलेली ताजी हवा पान बाहेर सोडतं, तीच आपण छातीत घेतो. मराठीत या गोष्टींना काय म्हणतात ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि विचारायला कुणी नव्हतं. आज मी स्वतः हे मुलांना शिकवतो, अजूनही उर्दूतच. चांदणी उमटते त्या क्षणी वर्ग अजूनही तसाच गप्प होतो.

त्या सुटीत गावी जाताना कमलनगरच्या स्टेशनावर उतरेपर्यंत मी आगगाडीच्या खिडकीला चिकटून होतो. रुळांच्या कडेचा एरंड, टाकळा, बाभळीचं ते केवढंसं पान, सगळी आपापल्या जागी उभी राहून स्वयंपाक करत होती आणि डब्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता. समोरच्या बाकावरची म्हातारी बराच वेळ माझ्याकडं बघत होती. शेवटी म्हणाली, “काय हरवलंय रे लेकरा?”

“हरवलं नाही आजी, सापडलंय,” मी म्हटलं. तिनं आपलं गाठोडं जरा जवळ ओढून घेतलं.

वहिनीचं आमच्या घरातलं ते पहिलं नवरात्र. ती कडगंचीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. मराठी बोलायची ती कानडीच्या हेलात. आईला अत्ती म्हणायची, माझ्या वडिलांना, अप्पांना, मामा. लग्नात आमच्या लोकांनी तिचं नाक बघितलं, रंग बघितला. तिनं मात्र उंबरठा ओलांडल्यावर दुसऱ्याच दिवशी मला गाठून विचारलं, “भाऊजी, तुमच्यात चाड्यावर कोण ऱ्हातंय?”

चाडं म्हणजे पेरायच्या तिफणीवरचं लाकडी वाडगं. पुढं बैल चालतात, मागून बाई चालते, आणि मुठीतलं बी बोटांच्या फटीतून त्या वाडग्यात सोडत राहते. तिथून ते नळ्यांतून मातीत जातं. मूठ सैल सुटली तर पेरा दाट होतो, आवळली तर विरळ. वहिनी माहेरी लग्नाआधीपासून चाड्यावर चालत होती. तिच्या तासांत, म्हणजे पेरलेल्या ओळींत, रोपं हातानं लावल्यासारखी उगवतात, असं तिचा भाऊ लग्नाच्या मांडवात सगळ्यांना सांगत होता. ते ऐकून आमच्या आईनं नुसता पदर सावरला होता.

कारण आमच्या घरात चाडं आईचं होतं. तिच्या हाताला गुण आहे असं गाव म्हणायचं. दुसऱ्यांच्या रानातसुद्धा पहिली मूठ सोडायला तिला बोलावणं यायचं. पण आता तिचे गुडघे धरले होते, तिफणीमागं चालणं होत नव्हतं, आणि सून आलेली होती. हाताचा गुण बघायची आमच्या घरची रीत म्हणजे घट. नव्या सुनेनं घट पेरायचा, तिनंच त्याला पाणी घालायचं. धान कसं येतं त्यावरून तिचा हात कळतो. चांगलं आलं तर दसऱ्यानंतरच्या ज्वारीच्या पेरणीला चाडं तिचं. नाही आलं, तर तिनं खुरपायचं, भाकरी घेऊन रानात जायचं, बियाला शिवायचं नाही. आणि एकदा तसं नाव पडलं की ते जन्मभर पुसत नाही.

वहिनीला दुसरं काही नको होतं. दागिन्यांचं नाव तिनं कधी काढलं नाही. तिला चाडं हवं होतं.

आमचं घर माळवदाचं, वर मातीचं सपाट छत. हातभर जाड मातीच्या भिंती, आणि देवघर पार आतल्या खोलीत. तिथं खिडकी नाही. वर माळवदात एक झरोका, तोही पावसाळाभर फरशीच्या तुकड्यानं झाकलेला. तिथं रानातली काळी माती चाळून पसरायची, तिच्यात ज्वारी, गहू, हरभरा, करडई पेरायची, आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा. घट पाझरत राहतो, वरून सून ओंजळभर पाणी शिंपडते. रोज तरवडाची नाहीतर कारळ्याच्या फुलांची माळ. समोर देवी, तिच्यापुढं अखंड दिवा. नऊ दिवस घट हलवायचा नाही. त्या अंधारात धान उंच येतं, पिवळंधमक येतं. तेच आमचं सोनं. दसऱ्याला पुरुषांच्या पटक्यात तेच खोचायचं. जितकं पिवळं, जितकं उंच, तितका हात चांगला.

मी घरी पोचलो त्या दिवशी अष्टमी होती. कडाकण्या तळल्याचा वास येत होता आणि घरात कुणी बोलत नव्हतं. ओसरीवर शेजारची भागूआत्या बसली होती. ही अप्पांची लांबची बहीण. गावातली बातमी आधी तिच्याकडं यायची आणि मग गावाकडं जायची.

“आलास व्हय?” ती म्हणाली. “बघ जा आत, तुमच्या घरात काय उगवलंय ते.”

मी आत गेलो. दिव्याच्या उजेडात आधी पिवळं धानच दिसलं, चांगलं वीतभर वाढलेलं. मग डोळे सरावले. घटाच्या एका अंगाला, धानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, चार बोटं रुंदीचा एक पट्टा हिरवागार होता. सुतानं आखल्यासारखा सरळ. त्याच्या अलीकडं पिवळं, पलीकडं पिवळं.

भागूआत्या माझ्यामागं आत येऊन भिंतीला टेकून बसलीच होती. “दोन तुकडं झालेत. मधी बांध घातल्यावानी. घर फुटायचं लक्षण हाय हे, दुसरं काय?”

“तू गप की,” आई म्हणाली. पण तिच्या आवाजात जोर नव्हता.

“मी बसते की गप. गाव बसंल का?”

मी वर बघितलं. झरोक्यावरची फरशी अर्धवट सरकलेली होती.

“मीच काढले,” दारात उभी असलेली वहिनी म्हणाली. “मिरच्या वाळवायला वर जाते तवा काढते. जेवणवेळ झाली की परत लावते. चौथ्या माळेपासनं.”

“कामून?” आईनं विचारलं. “कुणी सांगितलतं तुला?”

वहिनीनं भागूआत्याकडं बघितलं आणि ती दारातून मागं सरली.

आई बराच वेळ घटासमोर उभी राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे सांगितलं, “यंदा तू बियाला हात लावू नगंस.” मग भागूआत्याकडं वळून, “भागू, पेरणीला मूठ धरायला येशील का?”

“बोलावलं तर येईन की. परकी हाय का मी?” भागूआत्या म्हणाली, आणि लगेच गुडघ्यावर हात ठेवून उठली, जणू तिफण दारातच उभी होती.

घरात हे असं चाललेलं, आणि मी घटासमोर उकिडवा बसून हसत होतो. मला आवरत नव्हतं. साहेबांनी काळ्या कागदाला चांदणी कापली होती. इथं वहिनीनं साऱ्या माळवदाचा काळा कागद केला होता आणि त्यातला एक तुकडा बाजूला सारला होता. सूर्य पूर्वेकडून चढत गेला तसा झरोक्याचा कवडसा पश्चिमेकडून सरकत आला, धानावरून आडवा चालत गेला, रोज त्याच वाटेनं. जिथून तो गेला तिथं हिरवं, बाकी पिवळं. आमच्या देवघरात, देवीच्या पायाशी, सूर्यानं स्वतःची पाऊलवाट पाडून ठेवली होती.

जेवायला बसल्यावर मी सगळं एका दमात सांगून टाकलं. निम्मे शब्द उर्दू. अप्पा आणि अण्णा घास चावत ऐकत राहिले.

“म्हंजे पान ही चूल हाय म्हणतोस,” अण्णा म्हणाला. “मग धूर कुठाय?”

“तेच तर. ही उलटी चूल आहे,” मी म्हटलं. “आपली चूल लाकूड खाते आणि धूर सोडते. पान धूर खातं, ऊन खातं, आणि लाकूड करतं.”

हे मला साहेबांनी सांगितलेलं नव्हतं. बोलताबोलताच सुचलं, आणि सुचल्यावर माझा घास हातातच राहिला. खरंच तसं होतं. चुलीतून जी जड हवा निघते तीच पान आत घेतं. चूल ऊब सोडते, पान ऊब साठवतं. जळण म्हणजे साठवलेलं ऊन, आणि जाळ म्हणजे ते ऊन परत सुटणं.

“आन् भाकरी?” अप्पांनी विचारलं.

“भाकरी म्हणजे गेल्या साली आपल्या रानावर पडलेलं ऊन.”

अप्पांनी ताटातली भाकरी उलटून बघितली. “मग ही करपलीय ती ऊन जास्ती झाल्यामुळं का?”

आत स्वयंपाकघरात वहिनी हसली. दिवसभरात तिचा पहिला आवाज.

“तुझी साळा राहू दे,” आई म्हणाली. “घट आजवर पिवळाच ऱ्हायलाय. ते कामून, ते सांग.”

“अंधारात असतो म्हणून. हिरवेपणा उजेडाशिवाय बनत नाही. दाण्यात शिदोरी बांधून दिलेली असते, तिच्यावरच ते वाढतं. उजेड कुठं सापडतो का बघत नुसतं उंच होत जातं. शिदोरी सरली की मान टाकतं.”

आईनं भाताचा हात तसाच ठेवला. “म्हंजे आमचं सोनं म्हंजे उपाशी पोरं, म्हण की.”

ती उठून हात धुवायला गेली. परत आली तेव्हा मी घाईनं म्हटलं, “दसऱ्याला घट उठला की यातलं पिवळं धान उन्हात ठेवू. हिरवं झालं तर पट्ट्यात काही अशुभ नाही. मग वहिनीचा हात वाईट कसा?”

आईनं विचार केला. “घट उठला की देव उठला. मग ते नुसतं धान हाय. ठेव. पण न्हाई झालं, तर तुझ्या वहिनीला सांगायचं तूच, की आता जल्मभर खुरपं.”

दुसऱ्या दिवशी वहिनीनं मला विहिरीवर गाठलं. घागर काठावर ठेवून ती हळूच म्हणाली, “भाऊजी, हुतंय ना ओ हिरवं?”

“होतंय की.”

“तुम्ही बघितलाव?”

“घेवड्याचं बघितलंय. पण ते आधीच हिरवं होतं.”

“आन् ज्वारीचं?”

“नाही.”

“अय्यो,” वहिनी म्हणाली आणि पायरीवर बसली. मग आम्ही दोघं हसायला लागलो. विहिरीत उन्हाचा एक तुकडा पाण्यापर्यंत पोचला होता. तिथल्या शेवाळावर बारीक बारीक बुडबुडे धरले होते, एकेक सुटून वर येत होता. पुस्तकात याचं चित्र होतं, काचेच्या भांड्यात. विहिरीत ते रोज चाललेलं असतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी वहिनीला दाखवलं. ती वाकून खूप वेळ बघत राहिली. “पाणी दम घ्यायलंय,” ती म्हणाली. मी तिला बरोबर-चूक काही सांगितलं नाही. बरोबरच होतं ते.

दसऱ्याला सकाळी घट उठला. अप्पांच्या आणि अण्णाच्या पटक्यात पिवळे तुरे खोचले गेले. हिरव्या पट्ट्यातलं धान आईनं कुणाला दिलं नाही, बाजूला ठेवलं. पिवळ्या धानाचं एक ढेकूळ मी सुपात घेऊन अंगणात, भर उन्हात आणून ठेवलं. आई भिंतीच्या सावलीला ज्वारीचं बियाणं निवडत बसली. ती निवडत होती कमी आणि सुपाकडं बघत होती जास्त.

ऊन वर चढलं आणि धानानं माना टाकल्या.

भागूआत्या आपट्याची पानं न्यायला आली होती. ती सुपावर वाकली. “हिरवं हुतंय म्हणलतास न्हवं? हे तर मेलं की रे.”

वहिनी आतून आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, भागूआत्याकडं बघितलं नाही. सूप उचलून कडुलिंबाच्या कडेला नेलं, जिथं ऊन गाळून पडत होतं, आणि वर आपलं एक जुनं विरलेलं लुगडं काठ्यांवर ताणून बांधलं. मग तांब्यात बोटं बुडवून पाणी सोडलं. शिंपडलं नाही, बोटांच्या टोकांवरून सोडलं, मुळाशी, एकेका जागी थांबून. “एकदम येवढं ऊन सोसतंय व्हय?” ती धानालाच सांगत होती. “बाळंतिणीला कुणी उंबऱ्याभाईर बसवतंय का? हळूहळू, हळूहळू.”

आईचे हात सुपलीत थांबले होते. ती वहिनीची बोटं बघत होती.

दुपार कलली तसं धान पुन्हा उभं राहिलं. आणि मग, नेमकं केव्हा ते मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे न हलवता बघत होतो आणि तरी ते माझ्या नजरेतून निसटलं, पिवळ्यात दुसरं काहीतरी मिसळलं. त्याला अजून रंग म्हणता आलं नसतं. आधी वाटलं डोळ्यांचाच भास. मग गव्हाची पाती, मग ज्वारी. पिकत आलेलं लिंबू उलट्या वाटेनं कच्चं होत चालावं, तसं. शिलंगणाहून परतलेला अण्णा पटका न काढताच सुपाशी बसला. गल्लीतली पोरं आली, त्यांच्या आया आल्या. अप्पांनी सकाळीच देवघरात उतरवून ठेवलेल्या आपल्या पटक्यातला पिवळा तुरा आणून त्या धानाशेजारी धरला, आणि मग कुणाला काही सांगावं लागलं नाही. अंगणात सगळे एकदम बोलायला लागले. भागूआत्यासुद्धा. गव्हाच्या पातीवर बोट फिरवून ती बोटाला रंग लागला का ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन वर येईपर्यंत धान रानातल्यासारखं हिरवं झालं होतं.

आईनं त्याच सकाळी, अंगणात आम्हीच घरचे असताना, वहिनीला विचारलं, “त्या दिशी सांगितलं न्हाईस. फरशी कामून काढलीस?”

वहिनी खाली बघत म्हणाली, “रोज पाणी घालताना बघत हुते, अत्ती. सगळे दिव्याकडं वाकायलते. येवढ्याशा दिव्याकडं. मला बघवलं न्हाई.”

आईनं सुपातल्या हिरव्या धानावरून हात फिरवला. मग म्हणाली, “वाकलेलं मलाबी दिसायचं. इतकी वर्सं. मला वाटायचं, देवीला नमस्कार करायलेत.”

“तेबी असंल की, अत्ती,” वहिनी म्हणाली.

या दोन वाक्यांवर मी आजवर पुष्कळ विचार केला आहे. वर्गात शिकवताना कधीकधी मध्येच थांबतो ते याच जागी. पान उजेडाकडं वळतं हे मी फळ्यावर लिहू शकतो, का वळतं तेही थोडंफार लिहू शकतो. पण कोपऱ्यातल्या एका दिव्याकडं मान वळवून उभं असलेलं ते सगळं धान आठवलं की आईचंही खरं वाटतं. दोघींनी तेच बघितलं होतं. एकीनं हात जोडले, एकीनं फरशी सारली.

यंदा श्रावणात वहिनीला आम्ही रानातच नेलं, बांधाजवळ. पावसानं उघडीप दिली होती. बाभळीची वाळकी लाकडं होती. अशा वेळी मनात दुसरं काही येऊ नये, पण मला तीच उलटी चूल आठवली. त्या लाकडांत कितीतरी वर्षांचं ऊन बसलेलं होतं आणि ते एका दुपारी मोकळं होत होतं. धूर वर गेला, मग वाऱ्यानं खाली दबला, बांध ओलांडून पलीकडच्या तुरीवर पसरला. तूर तेव्हा गुडघ्याएवढी होती. तिची पानं उघडी होती, ऊन होतं. मी तिथं उभा राहून बघत होतो आणि मला रडू येत होतं, आणि त्याच वेळी अंगावर काटा येत होता, कारण पुढं काय होणार ते मला माहीत होतं. आज सकाळी त्या तुरीत जाऊन उभा राहिलो. छातीला लागते आहे. फुलायला आली आहे.

अण्णानं अजून बियाणं निवडायला काढलेलं नाही. यंदा चाड्यावर कोण, हे त्यानं कुणाला विचारलेलं नाही, मीही नाही.

त्या वर्षी पेरणीच्या दिवशी आई रानात बैलगाडीत बसून आली. तिफण जुंपली गेली. भागूआत्याही पदर खोचून आली होती, बोलावणं फिरवल्याचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आईनं बियाण्याची पाटी उचलली आणि कुणाशी काही न बोलता वहिनीच्या ओटीत ओतली. भागूआत्यानं ते बघितलं, खोचलेला पदर सोडला, आणि म्हणाली, “बरं झालं बाई, माझे बी गुडघे दुखायलेत.” वहिनीनं ओटीला गाठ मारली, वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग बैल चालू लागले. ती तिफणीमागून चालत गेली तेव्हा मी बांधावरून तिची फक्त पाठ बघत होतो. खांदा हलत नव्हता, पाऊल चुकत नव्हतं, फक्त मनगट. रानाच्या टोकाला वळताना तिचा चेहरा दिसला. ती स्वतःशी काहीतरी कानडीत पुटपुटत होती, आणि तिचं सगळं तोंड लाल झालं होतं.

पुढं सुटी संपायच्या आदल्या दिवशी आई मला म्हणाली, चल, रानात जाऊन येऊ. वहिनीही भाकरीची पाटी घेऊन आली. काळ्या मातीतून ज्वारीच्या ओळी वर आल्या होत्या. अजून दोन-दोनच पाती, पण लांबून बघितलं तरी हिरव्या रेघा रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या दिसत होत्या, आणि त्यांच्यावर ऊन पडलेलं. दाण्यातली शिदोरी सरायच्या बेतात असेल. आता पुढचं सगळं त्यांचं त्यांनाच कमवायचं होतं, आणि ते कमवायला लागले होते. मला धावत सुटावंसं वाटत होतं.

आई काठी टेकत एका ओळीतून चालत गेली. मध्येच थांबून, गुडघे धरून खाली बसली, बोटांनी रोपं बाजूला करून बघितली. आणखी पुढं गेली, पुन्हा बसली. वहिनी बांधावरच उभी होती. पाटी डोक्यावरून उतरवायची तिला आठवण राहिली नव्हती.

आई परत आली. हाताची माती झटकली. वहिनीच्या तोंडाकडं न बघता, रानाकडंच बघत म्हणाली, “थोडं दाट पडलंय. पुढच्या सालाला मूठ जरा आवळून धर.”

“व्हय, अत्ती,” वहिनी म्हणाली. आणि डोक्यावरची पाटी तशीच ठेवून ती तुरीच्या आड गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.